नर्सिंगला निघालेल्या मुला-मुलींच्या पिशवीत काय असावं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातली. मराठी शाळेत शिकले, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बीएस्सी). आता बेळगावात पहिल्या वर्षाच्या मुलांना वॉर्डात शिकवते. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. कधी खानापूरची एखादी आई असते, कधी निपाणीचे वडील, कधी चंदगडकडचा मामा. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, काय काय घ्यायला लागतंय?" फोनवर घाईत जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

अ‍ॅडमिशन झाली आहे. आता लगेच काय विकत घेऊ?

जवळजवळ काहीच नको. कॉलेजची यादी हातात येईपर्यंत पैसे जपून ठेवा. युनिफॉर्मचा रंग, बुटांचा प्रकार, रेकॉर्ड बुकांचा आकार प्रत्येक कॉलेजचा वेगळा असतो. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं म्हणजे आठ सेमिस्टरचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि एएनएम (सहायक नर्स-दाईचा कोर्स) दोन वर्षांचं. कुठलाही कोर्स असो, सुरुवातीचे दिवस वर्गात आणि स्किल लॅबमध्येच जातात. लॅबमधली मॅनिकिन (सरावाचे पुतळे), बेड, ट्रे, कॅथेटर हे सगळं कॉलेजचं असतं. सर्जिकलच्या दुकानात कोणी "फर्स्ट इयरचा पूर्ण किट" म्हणून भरलेली बॅग पुढे केली तर नम्रपणे नको म्हणा. त्यातल्या निम्म्या वस्तू तिसऱ्या वर्षापर्यंत बाहेर निघत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच सुरू करा. हिपॅटायटिस बी ची लस. तिचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या, आदल्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नाही. लहानपणी घेतली असेल तर ते कार्ड घरात शोधा, कॉलेजला दाखवा आणि अँटिबॉडी तपासायची का ते विचारा. तपासणीत आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे असं धरतात. पालक स्टेथोस्कोपची किंमत दहा दुकानांत विचारतात, लसीचं मात्र क्वचितच कोणी विचारतं. म्हणून ती सगळ्यात वर लिहिली.

युनिफॉर्मचे किती जोड शिवावेत?

कॉलेज दोन सांगतं. बेळगावच्या पावसात मी तीन सांगते. जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे तर चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात, आणि मग युनिफॉर्मला धुराचा वास लागतो. ओलसर युनिफॉर्म घालून सहा तास उभं राहिलं की काखेत, मांडीत खाज सुटते. तिसरा जोड ही चैन नाही.

कापड टेरिकॉटचं बरं. शुद्ध सुती अंगाला छान वाटतं, पण लवकर चुरगळतं आणि उशिरा वाळतं. रंग कॉलेज ठरवेल. कपडा कॉलेजने दिलेल्या नमुन्याशी जुळवूनच घ्या. खडेबाजारात कपडे आणि शिलाई दोन्ही होतात. शिंप्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. बाही कोपराच्या वर असावी, म्हणजे हात कोपरापर्यंत धुता येतात. दोन खोल खिसे असावेत. आणि खाली वाकून बेडचा कोपरा घडी करताना पाठ उघडी पडणार नाही इतकी लांबी असावी. माप देताना दुकानातच एकदा पूर्ण खाली वाकून बघा, लाजू नका.

युनिफॉर्म घालून घरून निघू नये. वॉर्डातले जंतू बसमधल्या बाळापर्यंत आणि बसमधला चिखल ऑपरेशनच्या पेशंटपर्यंत, दोन्हीकडून धोका असतो. स्वच्छ कापडी पिशवीत नेऊन तिथे बदला. येताना मळका युनिफॉर्म वेगळ्या प्लास्टिक पिशवीत आणा. घरच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात वेगळा धुवा.

बूट कसले?

पुढून बंद, मऊ रबरी तळव्याचे, आवाज न करणारे, पुसता येणारे. कापडी कॅनव्हास रक्त आणि उलटी शोषून घेतो, म्हणून मी रेक्झिन किंवा चामड्याचा सांगते. संध्याकाळी खरेदीला जा, कारण दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडे सुजतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. मोजे चार जोड. पावसात बसपर्यंत चपलेने जा, बूट पिशवीत न्या.

साधं घड्याळ चालेल की नर्सचं वेगळं घ्यायचं?

सगळ्या यादीत मला सर्वात महत्त्वाची वाटणारी वस्तू हीच, आणि ती सर्वात स्वस्तांतली एक. सेकंद काटा असलेलं, बारा आकडे स्पष्ट दिसणारं, छातीवर पिनेने उलटं लटकवायचं फॉब घड्याळ घ्या. मनगटावर घड्याळ असलं की हात मनगटापर्यंत नीट धुतला जात नाही, पट्ट्याखाली घाण राहते. छातीवरचं घड्याळ हात न लावता वाचता येतं.

काटा कशासाठी ते सांगते. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजायची असते. ज्यांची नाडी चुकत चुकत चालते त्यांच्यात १५ सेकंद मोजून चाराने गुणलं तर उत्तर हमखास चुकतं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, तेही पेशंटला न सांगता, नाडीवर बोटं ठेवल्यासारखं करून. "तुमचा श्वास मोजते" म्हटलं की माणूस श्वास बदलतो.

सलाइनचे थेंब मोजायलाही तेच घड्याळ. ५०० मिली सलाइन चार तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांत एक मिली) असेल तर हिशोब असा: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, तिथे गुणाकार बदलतो. वॉर्डात मोबाइल काढायची परवानगी नसते, त्यामुळे हे सगळं घड्याळावर आणि डोक्यात करावं लागतं. पहिल्या महिन्यात थेंबांची उदाहरणं घरी वहीत सोडवत बसा.

स्टेथोस्कोप कुठला घ्यावा? महागडा घेतला तर जास्त चांगलं शिकता येतं काय?

नाही. पण अगदी खेळण्यासारखाही घेऊ नका, आणि यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे.

माझा पहिला स्टेथोस्कोप आईने स्त्रीशक्ती संघातून (बचत गटातून) उचललेल्या पैशांतला. दुकानदाराने जो दिला तो घेतला, कानात घालून बघितलासुद्धा नाही. त्याच्या कानातल्या गोळ्या कडक होत्या आणि नळीचा सांधा सैल. पहिल्या पोस्टिंगला बीपी मोजायला गेले तर मला काहीच ऐकू येईना. आजूबाजूला पेशंटचे नातेवाईक, मागे इन्चार्ज सिस्टर. मी घाबरले आणि चार्टवर सकाळचा जो आकडा होता त्याच्या जवळपासचा आकडा लिहून टाकला. सिस्टरांनी पुन्हा मोजलं. आकडा बराच खाली होता. त्या ओरडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ऐकू नाही आलं तर 'ऐकू नाही आलं' असं सांग. तो आकडा बघून डॉक्टर गोळी देतात." ती दुपार मी विसरलेले नाही. म्हणून मी आज प्रत्येक मुलीला स्टेथोस्कोप दुकानातच कानात घालायला लावते.

घेताना हे बघा. कानातले दांडे थोडे पुढे, नाकाच्या दिशेने वळलेले असतात. तसेच घालायचे, उलटे घातले तर आवाज अर्धा होतो. गोळ्या मऊ असाव्यात. नळी जाड असावी. छातीला लावायचा भाग दोन बाजूंचा असावा: चपटा पडदा उंच पट्टीच्या आवाजांसाठी, वाटीसारखी बेल मंद, खोल आवाजांसाठी. दुकानात पडद्यावर बोटाने हलकं टिचकवा. आवाज येत नसेल तर छातीचा भाग फिरवा, कारण एका वेळी एकच बाजू चालू असते. तरी नसेल येत तर परत करा.

हजाराच्या आतबाहेर मिळणारा मायक्रोटोनसारखा साधा स्टेथोस्कोप पहिल्या दोन वर्षांना पुरतो. लिटमनचा क्लासिक आठ-दहा हजारांच्या घरात जातो. तो नोकरी लागल्यावर, आयसीयूत गेल्यावर घ्या. ज्यांच्या घरी आता हप्ते चालू आहेत त्यांनी त्या पैशांतून हॉस्टेलची मेस भरावी.

पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे स्वॅब वापरा. प्रत्येक पेशंटनंतर पुसा. पाण्यात बुडवू नका, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, नळी कडक होते. नावाची पट्टी चिकटवा. वॉर्डात सर्वात जास्त हरवणारी वस्तू हीच.

बीपीचं मशीन स्वतःचं लागतं का?

वॉर्डात नाही. घरी सराव करायला मात्र फार उपयोगी. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून एक घेतलं तरी चालतं.

पाऱ्याचं मशीन आता नवीन घेऊ नका. पाऱ्याच्या वापरावर जगभर आळा घालणारा मिनामाटा करार २०१३ मध्ये झाला. दवाखान्यांतून पाऱ्याची उपकरणं हळूहळू बाहेर जात आहेत. काट्याचं अ‍ॅनेरॉइड घ्या. डिजिटल मशीन घरच्या आजोबांसाठी ठीक, पण विद्यार्थ्याने कानाने आवाज ओळखायला शिकलं पाहिजे. हे आवाज रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितले आणि आजही त्यांच्याच नावाने शिकवले जातात. पहिला स्पष्ट ठोका वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा.

अ‍ॅनेरॉइड घेताना हवा पूर्ण सोडल्यावर काटा शून्यावर येतो का बघा. मग पट्टा एखाद्या बाटलीभोवती गुंडाळून २०० पर्यंत फुगवा, व्हॉल्व्ह बंद करा आणि मिनिटभर थांबा. काटा सरसर खाली येत असेल तर कुठेतरी हवा गळते. सहा महिन्यांनी एकदा कॉलेजच्या मशीनशी ताडून बघा.

पट्ट्याच्या मापाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि चुका तिथेच होतात. आतली रबरी पिशवी दंडाच्या साधारण ८० टक्के घेराला वेढली पाहिजे. जाडजूड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खरं असतं त्याहून जास्त दिसतं. वाळलेल्या हाताच्या म्हाताऱ्या आज्जीला मोठा पट्टा लावला तर कमी दिसतं. ऊस तोडणाऱ्या माणसाचा दंड आणि त्याच्या आईचा दंड, दोन्हींना एकच पट्टा कसा चालेल?

थर्मामीटर?

डिजिटल. स्वस्त आहे आणि फुटला तरी विषबाधेची भीती नाही. घरात जुना पाऱ्याचा असेल आणि तो फुटला तर झाडू मारू नका. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळ्या एकत्र करा आणि झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्यात ठेवा. उघड्या हाताने शिवू नका. सोन्याची अंगठी असेल तर आधी काढा, पारा सोन्याला चिकटतो.

खिशात रोज काय असावं?

निळा आणि लाल पेन, कारण बऱ्याच वॉर्डांत रात्रीच्या नोंदी लाल शाईने लिहितात. बोथट टोकाची कात्री, बँडेज कापताना कातडीला लागत नाही. छोटा पेन टॉर्च, पण डोळे दिपवणारा नको. मायक्रोपोर टेपचा रोल, सॅनिटायझरची छोटी बाटली, मोजपट्टी, आणि वही. केसांना जाळी आणि काळ्या पिना. पाळीचे पॅड बॅगेत कायम ठेवा, ड्यूटीत अचानक गरज पडते आणि विचारायला संकोच वाटतो. डबा आणि पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत. वॉर्डात खायचं नाही.

ती वही कशासाठी? एवढ्या रेकॉर्ड बुकांत आणखी एक वही?

रेकॉर्ड बुकं परीक्षेसाठी असतात: प्रोसिजर बुक, लॉग बुक, केस स्टडी, केअर प्लॅन. त्यांना काळी बाइंडिंग, चित्रं, सह्या. ती वेळेवर पूर्ण करा, सह्या राहिल्या तर परीक्षेला त्रास होतो. याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

खिशातली छोटी वही तुमची स्वतःची. आपल्या भागात तिची गरज इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. बेळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा केएलईच्या हॉस्पिटलमध्ये एका बेडवर येळ्ळूरची मराठी आज्जी असते, शेजारी बैलहोंगलचे कन्नड आजोबा, पलीकडे उर्दू बोलणारी बाई. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला औषधं इंग्रजीत शिकावी लागतात, नोंदी इंग्रजीत लिहाव्या लागतात आणि दुखणं कन्नडमध्ये समजून घ्यावं लागतं. हे तिन्ही एकदम येतं आणि पहिल्या महिन्यात मुली रडतात. मीही रडले होते.

म्हणून वहीची मागची दहा पानं कन्नडसाठी राखून ठेवा. देवनागरीत, ऐकू येतं तसं लिहा. "एल्ली नोव ऐतरी?" म्हणजे कुठे दुखतंय. "ऊट आतेनरी?" जेवण झालं का. "तली" डोकं, "होट्टी" पोट, "एदी" छाती, "उसरु" श्वास, "मात्रे" गोळी, "नीर" पाणी. यातला "एदी" हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा. रात्री दोन वाजता एखादे आजोबा "एदी नोव" म्हणाले आणि पोरीला वाटलं की काहीतरी किरकोळ सांगतायत, तर हार्ट अटॅकच्या पेशंटची अर्धी रात्र वाया जाऊ शकते. शब्द कळला नाही तर अंदाज बांधू नका. कन्नड येणाऱ्या सिस्टरला किंवा आयाला हाक मारा. आणि पेशंटलाच "अज्जा, तोरसरी", म्हणजे "दाखवा हो", म्हणा. हात छातीवर जातो की पोटावर, ते कळतं.

कन्नड मुलींनीही मराठी शब्द असेच लिहून घ्यावेत. आमच्या वॉर्डात दोघी एकमेकींची पानं उतरवून घेतात, आणि मला वर्गात शिकवण्यापेक्षा हे जास्त भावतं.

वहीत पेशंटचं नाव लिहू नका. बेड नंबर लिहा. वही बसमध्ये पडली तर कोणाच्या घरची गोष्ट गावभर व्हायला नको. फोनने पेशंटचा, जखमेचा, रिपोर्टचा फोटो काढणं तर अजिबात नको, चांगल्या हेतूनेसुद्धा.

कम्युनिटी बॅग म्हणजे काय? ती कधी लागते?

गावात घरोघरी जाऊन काम करण्याचं पोस्टिंग असतं, तेव्हा. बेळगाव भागात किणये, वंटमुरी, हंदिगनूर अशा ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत विद्यार्थी जातात. बहुतेक कॉलेजं बॅग देतात किंवा चार-पाच जणांत एक घ्यायला सांगतात. त्यामुळे आधी विचारा.

बॅगेत थर्मामीटर, बीपी, मोजपट्टी, बाळाचं वजन करायचा स्प्रिंग काटा, लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासायच्या पट्ट्या, हिमोग्लोबिनची साधी तपासणी, ड्रेसिंगचं साहित्य, आर्टरी फोरसेप (पकडायचा चिमटा), किडनी ट्रे, प्लास्टिकचा एप्रन, ग्लोव्हज, साबण आणि टॉवेल. गर्भवतीच्या पोटावर कान लावून बाळाचे ठोके ऐकायचं पिनार्ड नावाचं छोटं भोंग्यासारखं यंत्रही असतं. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात.

बॅगेच्या आत काय आहे त्याहून ती कशी वापरायची हे महत्त्वाचं. घरात गेल्यावर ती जमिनीवर किंवा पलंगावर ठेवायची नाही. आपला वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर बॅग. आधी साबण-टॉवेल काढून हात धुवायचे, मग बॅग पूर्ण उघडायची. काम झाल्यावर स्वच्छ आणि वापरलेलं वेगळं ठेवायचं, पुन्हा हात धुवायचे, मग कागद आतल्या बाजूने दुमडून उचलायचा. वर्तमानपत्र घरूनच न्या. गावात मागितलं तर देतील, पण मग कागद कुठून आला, कशावर होता, हे कळत नाही.

एक गोष्ट मनावर घेऊ नका. काही घरांत "कशाला आलाय?" म्हणून विचारतात. आधी चहाला बसा. बॅग नंतर उघडा.

आरोग्य शिक्षणासाठी चार्ट, फ्लॅश कार्ड बनवायला सांगतात. कुठल्या भाषेत करू?

ज्या गल्लीत बोलणार आहात तिथल्या. मी मुलींना चित्रं मोठी आणि अक्षरं कमी ठेवायला सांगते. ओआरएस, बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हात धुणं, या गोष्टी चित्रात पूर्ण सांगता येतात. खाली दोन ओळी मराठीत, दोन कन्नडमध्ये. कन्नड ओळी मैत्रिणीकडून तपासून घ्या, दुकानातल्या पेंटरकडून नको. कार्डशीट आणि स्केचपेन घाऊक घ्या. बाजारातले छापील चार्ट मला आवडत नाहीत, त्यातली घरं आणि माणसं आपल्याकडची वाटत नाहीत. खानापूरच्या बाईला तिच्यासारखं लुगडं नेसलेली बाई दिसली की ती जवळ येऊन बसते.

ग्लोव्हज, मास्क, सिरिंज घरून न्यायच्या का?

सिरिंज आणि सुया कधीच नाही. सराव लॅबमध्ये, मॅनिकिनवर, शिक्षक समोर असताना. ग्लोव्हज आणि मास्क वॉर्डात मिळतात. फक्त आपलं माप माहीत करून घ्या, साडेसहा की सात. टीबीच्या वॉर्डात पोस्टिंग असेल तर एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते आधी बघा.

कुठला कचरा कुठे, हे पाठ करा. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेले बोळे आणि ड्रेसिंग पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या-ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया-ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात. सुईवर टोपण परत लावायला जाऊ नका.

आणि सुई टोचली तर लपवू नका. बोट पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, लगेच इन्चार्ज सिस्टरांना सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग होत नाही. "रागावतील" म्हणून दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे. ती सुखरूप आहे, पण ते दोन दिवस तिच्या हातचे गेले होते.

सीनियरचं जुनं साहित्य घेतलं तर चालेल?

पुस्तकं, फॉब घड्याळ, पिनार्ड, कम्युनिटी बॅग खुशाल घ्या. स्टेथोस्कोपही, पण गोळ्या आणि पडदा बदलून. अ‍ॅनेरॉइड वर सांगितल्याप्रमाणे तपासून. बूट नको, पाऱ्याचं काहीही नको. जुनी रेकॉर्ड बुकं उतरवायला घेऊ नका. समोर तुमचाच पेशंट असतो, त्याचं लिहा.

माझ्या मुलीचं लग्न ठरलंय / झालंय. बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावतात का?

हा प्रश्न आया फार हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोकळेपणाने उत्तर देते. हातात काहीही चालत नाही. बांगड्या, अंगठी, धागा, कडं, नेलपॉलिश, लांब नखं, काहीच नाही. कारण त्यांच्याखाली जंतू राहतात, ग्लोव्हज फाटतात, आणि नवजात बाळाच्या कातडीला ओरखडा उठतो. हिरवा चुडा भरलेली नवी नवरी माझ्या वर्गात होती. सासूबाई नाराज होत्या. मी त्यांना एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) काचेबाहेर उभं करून किलोभराचं बाळ दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मुलगी ड्यूटीला मोकळ्या हाताने आली आणि घरी गेल्यावर बांगड्या घालू लागली. मंगळसूत्र लहान, साधं, युनिफॉर्मच्या आत ठेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. कानात लहान खडे. आधी कॉलेजचा नियम विचारा.

मुलग्यांना वेगळं काही लागतं का?

नाही. केस बारीक, नखं कापलेली, दाढी कॉलेजच्या नियमाप्रमाणे. बाकी सगळं तेच. आपल्या भागातून मुलगे आता बऱ्यापैकी येतात आणि पेशंट त्यांना "ब्रदर" म्हणून हाक मारतात.

पुस्तकं सगळी नवी घ्यावी लागतात?

पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन पुरे. बाकीची लायब्ररीत. मराठी माध्यमाच्या मुलांनी एक चांगला वैद्यकीय शब्दकोश मात्र स्वतःचा घ्यावा आणि मिळेल तेव्हा चाळावा.

एकदम एवढा खर्च झेपत नाही. कसं करू?

टप्प्याने करा. पहिल्या महिन्यात लस, युनिफॉर्म, बूट, घड्याळ, वही. पोस्टिंगच्या तोंडावर स्टेथोस्कोप. बीपी दुसऱ्या सेमिस्टरला. कम्युनिटीचं साहित्य त्या पोस्टिंगच्या वेळी. सिव्हिलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत वर्गाने मिळून चाळीस घड्याळं, चाळीस कात्र्या एकदम घेतल्या तर भाव कमी होतो. हे काम क्लास रिप्रेझेंटेटिव्हने करावं आणि पावती सगळ्यांना दाखवावी.

प्रवासाचा हिशोबही यात धरा. कर्नाटकात राहणाऱ्या मुलींना शक्ती योजनेतून ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसने मोफत जाता येतं, कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्या मुलींना ते लागू नाही. महाराष्ट्र एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोघी एकाच बेंचवर बसतात, पण महिन्याच्या खर्चात फरक पडतो. पलीकडून येणाऱ्या मुलीला ग्रुपच्या खरेदीत थोडी सवलत द्या, असं मी वर्गाला सांगते, आणि मुलं ऐकतात.

बीपीचं मशीन घरी आणलं तर अख्खी गल्ली तपासून घ्यायला येते. तपासू का?

तपासा, सराव त्यातूनच होतो. पण आधी पाच मिनिटं माणसाला बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. चहा-तंबाखूनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या. बोलत असताना मोजू नका. गल्लीतली मंडळी बोलायची थांबत नाहीत, तरी नम्रपणे गप्प करा. जास्त आलं तर दोन मिनिटांनी पुन्हा मोजा.

गोळी सांगू नका, चालू असलेली गोळी बंद करायला सांगू नका, "काय नाही होत" असंही म्हणू नका. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, किंवा आकडा कितीही असो, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूला कमजोरी दिसली, तर थांबू नका, १०८ ला फोन लावा. बाकीच्यांना आकडा, तारीख आणि वेळ कागदावर लिहून द्या. कुठल्या हाताने मोजलं तेही लिहा. तो कागद घेऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे जायला सांगा.